भाराचे गणित मांडणारा भाविक अभियंता : ऑगस्टिन-लुई कोशी

२३ मे हा थोर फ्रेंच गणितज्ञ ऑगस्टिन-लुई कोशी यांचा स्मृतिदिन. आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलेमुली बारावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीकडे वळतात. दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या पुस्तकात त्यांची गाठ असमघात अवकल समीकरणांशी पडते आणि त्याच पुस्तकात कोशी हे नाव त्यांना पानोपानी भेटते. परीक्षा संपते, समीकरणे विस्मरणात जातात आणि त्या नावामागचा माणूस अपरिचितच राहतो. हा माणूस आरंभी कालवे व बंदरे बांधणारा सरकारी अभियंता होता, जन्मभर निष्ठावंत कॅथलिक होता आणि सदसद्विवेकबुद्धीला न पटणारी एक शपथ घ्यावयाची नाही म्हणून त्याने आपली सर्व पदे सोडली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज त्यांचा अल्प परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. कोशी हे संत नव्हते. त्यांच्या हातून चुकाही घडल्या. त्या झाकून ठेवण्याचा आमचा मानस नाही.

क्रांतीच्या सावलीतील बालपण

ऑगस्टिन-लुई यांचा जन्म पॅरिस येथे २१ ऑगस्ट १७८९ रोजी झाला. बास्तीयचा तुरुंग जमावाने फोडला त्याला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. वडील लुई-फ्रांस्वा हे पॅरिसच्या पोलीस प्रमुखांच्या हाताखाली वरिष्ठ अधिकारी होते. क्रांतीनंतर ते पद गेले. पुढे दहशतीच्या काळात, १७९४ साली, त्या पोलीस प्रमुखांचाही शिरच्छेद झाला. जीव वाचविण्यासाठी कोशी कुटुंबाने पॅरिसजवळच्या आर्केय या गावी आश्रय घेतला. तेथे अन्नाची इतकी टंचाई होती की पाव मोजून खावा लागे. त्या उपासमारीने लहानग्या ऑगस्टिनची प्रकृती कायमची नाजूक झाली. चर्चची दारे बंद होती, धर्मगुरू लपूनछपून वावरत होते. अशा काळात मुलांना अक्षरओळख, लॅटिन आणि श्रद्धेचे पाठ वडिलांनी स्वतः दिले. पुढील आयुष्यात कोशी राजनिष्ठेबाबत आणि धर्मनिष्ठेबाबत इतके कठोर का झाले, याचे उत्तर या बालपणात सापडते असे आम्हांस वाटते.

क्रांतीचा भर ओसरल्यावर कुटुंब पॅरिसला परतले. वडिलांच्या ओळखीमुळे लाप्लास आणि लाग्रांज या दोघा महान गणितज्ञांचे लक्ष या मुलाकडे गेले. मुलाची बुद्धी पाहून लाग्रांज चकित झाले. तथापि त्यांनी वडिलांना सल्ला दिला तो मात्र निराळाच : आधी भाषा आणि साहित्य यांचा पाया पक्का होऊ द्यावा, गणिताची घाई करू नये. वडिलांनी तो मानला. मुलगा अभिजात भाषांत बक्षिसे मिळवू लागला आणि मगच गणिताकडे वळला. आजच्या पालकांनीही या सल्ल्याची नोंद घ्यावी.

बंदरावरील तरुण अभियंता

१८०५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, कोशी एकोल पोलिटेक्निक या नामांकित संस्थेत दाखल झाले. प्रवेश परीक्षेत त्यांचा क्रमांक दुसरा होता. तेथे धर्माची टवाळी करणारे वातावरण होते. उघडपणे प्रार्थना करणारा हा विद्यार्थी सोबत्यांच्या थट्टेचा विषय झाला, परंतु त्याने आपला नेम सोडला नाही. १८०७ साली ते पूल व रस्ते यांचे शिक्षण देणाऱ्या एकोल दे पों ए शोसे या संस्थेत गेले. पॅरिसला पाणी पुरविणाऱ्या उर्क कालव्याच्या कामावर त्यांनी उमेदवारी केली.

१८१० साली त्यांची नेमणूक शेरबुर येथे झाली. इंग्लंडवर स्वारी करण्याच्या हेतूने नेपोलियन तेथे आरमारी बंदर बांधीत होता. समुद्राच्या लाटा झेलणारे बांध, खडकात खोदलेली गोदी, हजारो मजूर आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारे काम अशा धबडग्यात हा तरुण अभियंता उभा राहिला. सामानात त्याने चार ग्रंथ नेले होते. लाप्लास यांचा खगोलीय यामिकीवरचा ग्रंथ, लाग्रांज यांचा फलनांवरचा ग्रंथ, व्हर्जिल या रोमन कवीचे काव्य आणि थॉमस अ केम्पिस यांचे ख्रिस्ताच्या अनुकरणाविषयीचे पुस्तक. त्याची अतिभक्ती पाहून कोणीतरी पॅरिसला त्याच्या आईकडे काळजी व्यक्त केली. धर्मामुळे कोणाचे डोके फिरत नसते, असे मुलाने आईला पत्राने समजावले.

दिवसभराच्या कामानंतर रात्री जागून ते गणित करीत. ज्या बहिर्वक्र घनाकृतीच्या बाजू ताठ आहेत ती आकृती सांध्यांतून हलविता येत नाही, हा त्यांचा सिद्धांत याच काळातला. १८१३ साली तो छापून आला. मात्र दुहेरी श्रमाचा भार शरीराला सोसला नाही. १८१२ साली ते आजारी पडून पॅरिसला परतले आणि हळूहळू अभियंत्याच्या नोकरीतून गणिताच्या अध्यापनात गेले. परंतु बांधावर आदळणारी लाट आणि दगडावर पडणारा भार त्यांच्या मनातून गेला नाही. लाटांच्या प्रसरणावरील निबंधासाठी १८१६ साली अकादमीचे मोठे पारितोषिक त्यांना मिळाले.

उजव्या बाजूचे शून्य

असमघात अवकल समीकरण म्हणजे काय, हे गणित न शिकलेल्या वाचकांसाठी सोप्या शब्दांत सांगू. दोन भिंतींवर टेकविलेली एक तुळई डोळ्यांसमोर आणावी. ती किती वाकेल हे सांगणारे समीकरण असते. त्याच्या डाव्या बाजूस तुळईचा ताठपणा आणि तिच्या वाकाचा बदलता दर असतो. तुळईवर काहीही ठेवलेले नाही आणि तिचे स्वतःचे वजनही क्षणभर विसरलो, तर उजव्या बाजूस शून्य राहते. अशा समीकरणास समघात म्हणतात. पण खरी तुळई कधीही रिकामी नसते. तिच्यावर स्लॅब येतो, भिंत येते, माणसे येतात, आणि तिचे स्वतःचे वजन तर असतेच. मग उजव्या बाजूचे शून्य जाऊन तेथे भार येऊन बसतो. हेच असमघात समीकरण होय. डावी बाजू वस्तूचा स्वभाव सांगते आणि उजवी बाजू बाहेरून आलेला भार सांगते.

याच्या उत्तराचे दोन भाग असतात. एक भाग भार नसतानाच्या समीकरणाचे सर्वसाधारण उत्तर. दुसरा भाग त्या विशिष्ट भारासाठीचे विशेष उत्तर. दोहोंची बेरीज केली तरी काही स्थिरांक मोकळे राहतात. ते टेकूंवरून ठरतात. तुळई नुसती टेकविली आहे की दोन्ही टोकांना पक्की जखडली आहे, यावर त्यांचे मूल्य अवलंबून असते. तुळई तीच आणि भारही तोच असला, तरी आधार बदलला की वाक बदलतो.

या हिशेबाचे व्यवहारातले महत्त्व एका उदाहरणाने पटेल. सर्व लांबीवर सारखा भार असलेल्या, दोन टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईचे गाळे दुप्पट केले, तर मधला वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट, तुळईची उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून सभागृहातला मधला खांब काढून टाका असा आग्रह कोणी धरला, की जाणता अभियंता थबकतो. त्याच्या थबकण्यामागे हे समीकरण उभे असते.

तुळईच्या वाकाचे हे समीकरण कोशी यांचे नव्हे. त्याचा पाया अठराव्या शतकात बर्नुली आणि ऑयलर यांनी घातला होता. कोशी यांच्याच संस्थेत शिकलेले अभियंते नाविये यांनी १८२६ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत त्याला बांधकामाचे हत्यार बनविले. कोशी यांनी विचारलेला प्रश्न याहून खोल होता. दगडाच्या, लोखंडाच्या, मातीच्या पोटात नेमके काय घडते?

दगडाच्या आत डोकावणे

पाण्याच्या आत दाब सर्व दिशांना सारखा असतो आणि तो कोणत्याही पृष्ठभागावर काटकोनातच पडतो, हे आधी माहीत होते. घन पदार्थांत तसे नसते. कोशी यांनी पदार्थाच्या आत एक काल्पनिक छेद घेतला. त्या छेदावर एका बाजूचा पदार्थ दुसऱ्या बाजूला ढकलतो, ओढतो किंवा घसरवूही पाहतो. छेदाची दिशा बदलली की हे बल बदलते. मग एका बिंदूतून जाणारे अगणित छेद कसे हाताळावयाचे? कोशी यांनी दाखविले की परस्परांना काटकोनात असलेल्या तीन छेदांवरची बले कळली, की उरलेल्या सर्व छेदांवरची बले त्यांवरून काढता येतात. एकूण नऊ संख्या, आणि त्यांपैकी सहाच स्वतंत्र. आज अभियंते ज्याला प्रतिबल म्हणतात ती संकल्पना अशी सिद्ध झाली. ३० सप्टेंबर १८२२ रोजी त्यांनी हा शोध अकादमीपुढे मांडला, त्याचा सारांश १८२३ साली छापला आणि सविस्तर विवेचन १८२७-२८ मध्ये केले.

यानंतर त्यांनी पदार्थाचा एक अतिसूक्ष्म घन कल्पिला. त्याच्या समोरासमोरच्या बाजूंवरील प्रतिबलांत थोडा फरक असतो. तो फरक आणि घनाचे स्वतःचे वजन यांचा तोल साधला, तरच तो घन जागेवर स्थिर राहतो. यातून तोलाची तीन अवकल समीकरणे निघाली, आणि त्यांतील असमघात पद म्हणजे त्या कणाचे वजन. धरणाची भिंत असो, बोगदा असो वा चर्चची कमान असो, आजही अभियंत्याचा संगणक प्रथम हीच समीकरणे मांडतो.

भार काळानुसार बदलू लागला, तर हिशेब आणखी अवघड होतो. वारा, चालणारी माणसे आणि भूकंप हे असे भार होत. कोशी यांच्या हयातीतच, १६ एप्रिल १८५० रोजी, फ्रान्समधील आंजे येथील झुलता पूल वादळी वाऱ्यात सैनिकांच्या तुकडीखाली कोसळला आणि दोनशेहून अधिक जण बुडाले. पूल हेलकावत होता आणि त्याच्या दोरांची गाडलेली टोके आतून गंजलेली होती. अशा समीकरणांसाठी एक रीत आहे. बदलत्या भाराचे क्षणाक्षणांचे लहान झटके करावयाचे, प्रत्येक झटक्यानंतर वस्तू आपल्या स्वभावाप्रमाणे कशी हलेल ते काढावयाचे आणि सर्वांची बेरीज करावयाची. त्या एका झटक्याच्या उत्तराला गणितात कोशी यांचेच नाव आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला, जेथे भिंतीचा उतार बदलतो त्या पातळीजवळ, भेगा पडल्या. धरणातील यंत्राने नोंदविलेली जमिनीची ती थरथर समीकरणाच्या उजव्या बाजूस घालून भिंतीतील प्रतिबले काढण्याचे गणित जगभरच्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा केले आहे. धरणाला नंतर आधारभिंती देऊन बळकट करण्यात आले.

कोशी यांनी आणखी एक मूलभूत प्रश्न विचारला. अशा समीकरणाला उत्तर असतेच, हे कशावरून? त्यांच्यापूर्वी ते गृहीत धरले जाई. आरंभीची स्थिती दिली असता, ठरावीक अटींखाली, उत्तर असते आणि ते एकच असते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. त्यासाठी लहान लहान पावले टाकीत उत्तराकडे जाण्याची रीत त्यांनी वापरली. आजचे संगणकही याच धर्तीवर पावलापावलाने चालतात.

दोष आणि उणिवा

१८१६ साली बुर्बाँ राजांनी मोंज आणि कार्नो या दोन ज्येष्ठ वैज्ञानिकांना राजकीय कारणांवरून अकादमीतून काढले आणि रिकाम्या जागी कोशी यांची नेमणूक केली. कोशी यांनी ती स्वीकारली. त्यांची योग्यता वादातीत होती, तरीही अन्यायाने रिकामी झालेली जागा घेतल्याचा ठपका त्यांच्यावर आला. तो अगदीच निराधार होता असे आम्हांस म्हणवत नाही.

याहून दुःखद गोष्ट नॉर्वेच्या आबेल या गरीब तरुणाची. १८२६ साली त्याने आपला महत्त्वाचा निबंध अकादमीला दिला. परीक्षणाची जबाबदारी लजांद्र आणि कोशी यांच्यावर होती. आपल्याच संशोधनात गढलेल्या कोशी यांच्याकडे तो निबंध पडून राहिला. १८२९ साली क्षयाने आबेलचा अंत झाला तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस होते. निबंध छापून आला तो १८४१ साली. गाल्वा या दुसऱ्या तरुणाचे काम १८२९ साली कोशी यांच्या हाती आले होते, तेही अकादमीपुढे यावयाचे राहिले. गोरगरिबांसाठी झिजणाऱ्या या भाविकाला आपल्या टेबलावरचा गरीब तरुण मात्र दिसला नाही. ज्यांच्या हाती दुसऱ्यांचे अर्ज, कागद आणि भवितव्य असते, अशा आम्हा सर्वांना, धर्मगुरूंनाही, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

एका शपथेची किंमत

१८३० च्या जुलैमध्ये क्रांती होऊन राजा दहावा चार्ल्स पदच्युत झाला आणि लुई-फिलीप गादीवर आला. सरकारी पदावरील प्रत्येकाने नव्या राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. कोशी यांनी एक शपथ आधीच घेतली होती. देवाच्या साक्षीने दिलेला शब्द राज्यकर्ता बदलला म्हणून बदलता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. ते पॅरिस सोडून स्वित्झर्लंडमधील फ्रीबुर येथे येशूसंघीयांच्या सहवासात गेले. पत्नी अलोईझ आणि दोन लहान मुली मागे राहिल्या. सर्व प्राध्यापकपदे गेली.

पुढे तुरीन येथे त्यांच्यासाठी अध्यासन निर्माण करण्यात आले. १८३३ साली ते प्रागला गेले आणि पदच्युत राजाच्या नातवाचे शिक्षक झाले. त्या राजपुत्राला गणिताचा कंटाळा होता. युरोपातील अग्रगण्य गणितज्ञाने आपली उमेदीची वर्षे एका नाखूश विद्यार्थ्याला अंकगणित शिकविण्यात घालविली. १८३४ साली कुटुंब त्यांच्याकडे आले. याच वनवासात, १८३५ साली, त्यांनी अवकल समीकरणांवरील आपला महत्त्वाचा निबंध शिळाछापावर काढला.

१८३८ साली ते पॅरिसला परतले. अकादमीच्या सदस्यांना शपथेची अट नव्हती, म्हणून तेथे ते शोधनिबंध वाचीत राहिले. शिकविण्याचे पद मात्र मिळेना. रेखांश मंडळावर १८३९ साली त्यांची निवड झाली, पण शपथ न घेतल्याने ती मंजूर झाली नाही. १८४३ साली कोलेज द फ्रांसच्या अध्यासनासाठी त्यांना डावलून त्यांच्याहून कमी योग्यतेच्या उमेदवाराला निवडण्यात आले. १८४८ च्या क्रांतीने शपथेची अट काढली आणि १८४९ साली ते सोर्बोनमध्ये पुन्हा शिकवू लागले. १८५२ साली तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत शपथ परत आली, तेव्हा साठी ओलांडलेले कोशी पुन्हा बाजूस झाले. काही काळाने सम्राटाने त्यांना अटीतून सूट दिली. सम्राटाकडून मिळणारे ते वेतन त्यांनी सो या आपल्या गावातील गोरगरिबांना वाटून टाकले.

आज राजघराण्याविषयीची ती निष्ठा आपणांस कालबाह्य वाटेल. ज्या राजासाठी त्यांनी एवढे सोसले तो राजा त्या त्यागास पात्र होता का, हेही विचारता येईल. परंतु शब्द दिला तो पाळावयाचा आणि त्याची किंमत दुसऱ्यावर न ढकलता स्वतः मोजावयाची, हे त्यांनी पाळले.

सेवा आणि अखेर

फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे कोशी हे क्रियाशील सभासद होते. आपल्या कितीतरी धर्मग्रामांत ही संस्था आजही घरोघर भेटी देते. अकादमीत निबंध वाचणारा हा माणूस गरिबांच्या खोल्यांचे जिने चढत असे. पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांच्या शाळांना साहाय्य करण्यासाठी सोर्बोनच्या प्राध्यापकांनी १८५६ च्या सुमारास जी संस्था उभारली, तिच्या संस्थापकांत ते होते. पुढे कार्डिनल झालेले लाविजरी हे तिचे पहिले संचालक.

२३ मे १८५७ रोजी सो येथे त्यांनी देह ठेवला. सुमारे आठशे शोधनिबंध मागे राहिले. त्यांच्या समग्र लेखनाचे सत्तावीस खंड छापावयास १८८२ ते १९७४ इतका काळ लागला. त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली त्या १८८९ साली आयफेल मनोरा उभा राहिला आणि त्यावर कोरलेल्या बहात्तर नावांत कोशी आणि नाविये ही दोन्ही नावे आहेत. वारा, वजन आणि लोखंड यांचा तोल साधून उभ्या असलेल्या त्या मनोऱ्याहून त्यांचे योग्य स्मारक दुसरे कोणते असणार?

प्रिय वाचकहो, त्यांच्या समीकरणांत उजव्या बाजूचा भार निवडण्याची मुभा तुळईला नसते. कोशी यांनाही ती नव्हती. क्रांत्या, उपासमार आणि वनवास त्यांच्या वाट्याला न मागता आले. त्यांचे आधार मात्र बालपणी आर्केयच्या त्या घरात पक्के झाले होते. आपल्या धर्मग्रामातील जी मुले यंदा अभियांत्रिकीला जात आहेत, त्यांनी हे नाव पुस्तकात भेटेल तेव्हा क्षणभर थांबून त्या माणसाचे स्मरण करावे. पुढे त्यांच्या आराखड्यावरून घरे, पूल आणि चर्चेस उभी राहतील. त्या वेळी भाराचा हिशेब त्यांनी प्रामाणिकपणे मांडावा. त्या छपराखाली माणसे राहणार आहेत. या सर्व तरुणतरुणींना आमच्या शुभेच्छा आणि आशीर्वाद.